ऋणनिर्देशात न मावलेलं

प्रबंधाच्या पाचव्या पानावर एकच ओळ आहे:
‘ग्रंथालयातील सर्व कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.’
लाभले.
म्हणजे नळाला पाणी आलं, तसं काहीतरी.
आता छापून झालंय, बांधून झालंय,
म्हणून इथे लिहिते.

बेलापूरच्या टेकडीखाली आमचं विद्यापीठ,
तिसऱ्या मजल्यावर एसी एवढा
की मढवी मॅडमच्या खुर्चीवर मे महिन्यातही तपकिरी स्वेटर.
खिडकीतून खाडी दिसते, खाडीच्या अलीकडे टॉवर,
आणि टॉवरच्या खाली माझा विषय:
मिठागरं.
‘विषयच पुरला गेल्यावर संशोधन कुठून करायचं?’
पहिल्या दिवशी मी जरा नाटकी आवाजात विचारलं.
त्या म्हणाल्या, ‘आधी ओळखपत्र पंच कर.’

खारकळ. गावाचं नाव टाकलं. शून्य नोंदी.
मला वाटलं, शून्य म्हणजे नाही.
त्यांनी कॅटलॉगचं एक रद्द कार्ड उलटं केलं,
मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने
त्या एकाच गावाची सात इंग्रजी स्पेलिंगं लिहिली.
‘गोऱ्या कारकुनाला ळ ऐकू यायचा नाही.
कुणी र लिहिला, कुणी ड,
एकाने तर शेवटचं अक्षरच गिळलं.
त्याच्या कानाने शोध.’
पाचव्या स्पेलिंगला अकरा नोंदी उघडल्या.

‘उघाडी’ या शब्दावर गाईडचं लाल प्रश्नचिन्ह होतं.
कोशात पाहिलं: पाऊस थांबून आभाळ मोकळं होणं.
मॅडम हसल्या. ‘बांधातलं दार गं.
भरतीला लावायचं, ओहोटीला सोडायचं.
माझे वडील फळ्या उचलायचे.
पण मला संदर्भ करू नकोस, छापील देते.’
नऊ दिवसांनी दिला:
पुण्याहून मागवलेल्या अहवालाचं परिशिष्ट,
कडेला वाळवीची नक्षी, शब्द शाबूत.

आणि मग चौथं प्रकरण.
मी लिहिलं होतं: शहर आलं आणि आगर मेलं.
वाक्य मला फार आवडलं होतं.
पुढच्या पार्सलमध्ये तेच आगर निघालं, सहा वर्षं आधीचं.
बांध फुटल्याची नोटीस. मजुरी थकल्याचे अर्ज.
शिलोत्र्याने हात वर केल्याचं पत्र.
शहर यायच्या आधीच तिथे गुडघाभर पाणी उभं होतं.
हे शोधून काढलं कुणी,
तर ज्यांच्या घरच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची फाईल
अजून टेबलं बदलतेय, त्या मढवी मॅडमनी.
मी म्हटलं, ‘नसतं दाखवलं तर कुणाला कळलं असतं?’
स्टेपलर शोधता शोधता त्या म्हणाल्या,
‘मला.’

आठ दिवस मी गेले नाही.
नवव्या दिवशी मेसेज:
‘खुर्ची क्र. १४ उद्यापासून दुसऱ्याला देत आहोत.
आपली पाण्याची बाटली काउंटरवर आहे.’
बाटली आणायला गेले
आणि चौदा नंबरवरच बसले, संध्याकाळपर्यंत.
आवडतं वाक्य खोडायला चार तास लागले.
त्याच्या जागी जे आलं ते लंगडं होतं, लांब होतं,
त्याला तीन तळटीपा होत्या.
आठ वाजता बाळाराम दिवे मालवत यायचा
आणि एका रांगेचं बटण विसरायचा.
रोज तेच बटण.

गेल्या बुधवारी प्रत घेऊन गेले.
काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, माझं पूर्ण नाव.
मला वाटलं, पहिलं पान उघडतील.
त्यांनी मागून उघडली, संदर्भसूचीपासून.
शिक्का मारला. दाखल क्रमांक घातला.
चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला,
आणि पुस्तकात लिहायचं नसतं म्हणून
एक पिवळी चिठ्ठी चिकटवली:
‘संदर्भ ८७. वर्ष चुकलं.’

मग माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या,
‘हं, तुला काय सापडत नाहीये?’
मी बाजूला सरकले.
रांग होती.